सहीचा नियम : निरंक

२०२२ ची दिवाळी झाली आणि माझी पाळी चुकली. वय एक्केचाळीस. मोठी पोर बी.ए.च्या पहिल्या वर्षाला, धाकटा दहावीला. आधी वाटलं, जायचीच वेळ आली असेल. आमच्या आईचीही चाळिशीतच गेली होती. कपाशीची वेचणी चालू होती, दुकानात लग्नसराईचे ब्लाउज येऊन पडले होते, त्यात तीन आठवडे असेच निघून गेले. मग एका संध्याकाळी भरिताची वांगी भाजायला घेतली आणि त्या वासानं पोटात ढवळून आलं. खान्देशातल्या बाईला भरिताचा वास सोसेना, म्हणजे आणखी कोणती तपासणी हवी? तरी मेडिकलमधून पट्टी आणली. दोन रेघा.

माझे मिस्टर सुरतेला लूमवर असतात. दिवाळीचे चार दिवस आले होते, तेवढेच. मूल मला नको होतं. का नको, ते इथे सांगत बसत नाही. कारणं सांगायला लागलं की ऐकणारा ती तपासायला लागतो, हे त्या दोन महिन्यांत मी चांगलंच शिकले.

आधी मेडिकलवाल्याकडे हळू आवाजात गोळ्या विचारल्या. त्यानं कानाला हात लावला. 'ठेवतच नाही वहिनी, एक पाकीट विकलं की दहा रजिस्टरं दाखवा.' चिठ्ठीशिवाय मी विचारायलाच नको होतं, ते खरं. पण चिठ्ठी घेऊन गेलेल्या बाईलाही तो हेच सांगतो, हे पुढे कळलं. आशाताई म्हणाली, नऊ आठवड्यांच्या आत असशील तर सरकारीत गोळ्यांवर होऊन जाईल, पैसाही लागणार नाही, लवकर जा.

तर मी आमच्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात गेले. तालुक्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या एका सिस्टरच्या मुलीचे ड्रेस मीच शिवते, आणि मला गावातच राहायचं आहे. दारातून आत शिरलं की समोरच्या भिंतीवर एक चित्र होतं. पोटातली मुलगी हात जोडून म्हणतेय, 'आई, मला मारू नकोस', आणि खाली लाल अक्षरांत : 'गर्भपात कायद्याने गुन्हा आहे.' केसपेपरच्या रांगेत पाऊण तास मी त्या चित्राकडे बघत उभी होते. खिडकीतल्या माणसानं मोठ्यानं विचारलं, 'काय तक्रार?' मी म्हटलं, 'पाळीची.'

आत सिस्टरनं सगळं ऐकून घेतलं. वाईट वागली असं म्हणणार नाही. म्हणाली, 'मिस्टरांना घेऊन या.'

'ते सुरतेला असतात.'

'मग सही आणा. ओरिजनल लागेल, मोबाइलवरचा फोटो चालणार नाही. आधारची झेरॉक्स पण.'

आणि तिनं मला एक कोरा कागद दिला. ती सांगत गेली, मी माझ्याच हातानं लिहीत गेले : 'माझ्या पत्नीचा गर्भपात करण्यास माझी काही हरकत नाही.' खाली सहीसाठी जागा सोडली. नियम असता तर छापील फॉर्म नसता का? सरकारी दवाखान्यात ताप मोजायलासुद्धा छापील तक्ता असतो. पण हे तेव्हा डोक्यात आलं नाही. मलाही वाटत होतं की सही लागत असणारच. जमिनीच्या उताऱ्याला लागते, गॅसच्या कनेक्शनला लागते, पोराच्या दाखल्याला लागते, तर ह्याला कशी लागणार नाही?

घरात सासूबाई. त्यांना सांगितलं, सुरतेला ह्यांचा ताप उतरत नाही, बघून येते. अमळनेरहून रात्रीची गाडी धरली. दोंडाईचा, नंदुरबार, मग नवापूर. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. लहानपणी आम्ही त्या हद्दीच्या रेघेवर एकेक पाय ठेवून उभ्या राहायचो. ह्या वेळी खिडकीतून नुसतं बघितलं. जनरलच्या डब्यात सगळे आपलेच लोक, लूमवर आणि साड्यांच्या मार्केटात कामाला निघालेले. माझ्या शेजारी एक बाई कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून मुलाकडे चालली होती. तिनं विचारलं, 'काबं, एकलीच?' मी म्हटलं, 'सही लेवाले चालनी.' तिला वाटलं, जमिनीची असेल. बराच वेळ तिनं मला भावांनी वाटणीत कसं फसवलं ते सांगितलं.

सुरतेजवळच्या उधन्याला उतरले तर हे रात्रपाळी करून खोलीवर नुकतेच आडवे झालेले. आठ जणांची खोली. बाहेर ओट्यावर बसून मी कागद पुढे केला. त्यांनी वाचला, सही केली आणि म्हणाले, 'एवढ्यासाठी दोन रोज पाडले?' त्यात राग नव्हता. नंतर शेवभाजी आणि पाव आणून दिला आणि दुपारच्या गाडीत बसवून दिलं. वाटेत मी हिशेब केला. तिकीट, दोन दिवसांची शिलाई, आणि ह्यांची झोप. एका सहीला एवढा खर्च.

सही घेऊन परत गेले तर सोनोग्राफी आणायला सांगितली. रुग्णालयातलं मशीन बंद. बाहेरून केली. ती दाखवली तेव्हा नऊ आठवडे उलटून गेले होते, आता गोळ्या नाहीत, पिशवी साफ करावी लागेल. त्याला गुरुवारी येणाऱ्या मॅडम लागतात. गुरुवारी मॅडम रजेवर. पुढच्या गुरुवारी मॅडम होत्या, पण सिस्टर म्हणाली, 'सोबत कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन करणार असाल तरच यादीत नाव घेते. दोन मुलं झालीत ना? मग कशाला ठेवायचं?' ऑपरेशनला माझा विरोध नव्हता. पण वेचणीचे दिवस, घरात उचलायला-ठेवायला दुसरं कोणी नाही, टाके घेऊन मी मशीनवर बसणार कशी? म्हटलं, ते उन्हाळ्यात करीन. 'मग हेही उन्हाळ्यातच करा,' असं म्हणून ती हसली. उन्हाळ्यापर्यंत काय झालं असतं ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

नाताळ संपला तोवर बारा आठवडे उलटले होते. आता उत्तर आलं, 'बारानंतर इथे करत नाही, जिल्ह्याला जा.'

मी जिल्ह्याला गेले नाही. कानातल्या बाळ्या गहाण ठेवल्या आणि धुळ्याला एका खासगी डॉक्टरीणबाईंकडे गेले. जानेवारीचा पहिला आठवडा होता. त्यांनी तपासलं, बीपी घेतलं, कितवा आठवडा ते बघितलं, छापील फॉर्म पुढे केला आणि बोटानं एक ओळ दाखवली. 'इथे सही करा.' मी केली. मग पिशवीतून ह्यांच्या सहीचा कागद काढून ठेवला. त्यांनी तो वाचला. काही बोलल्या नाहीत. उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर गोळ्या लिहून दिल्या : ही सकाळ-संध्याकाळ पाच दिवस, ही रात्री जेवणानंतर, ही लोहाची तीन महिने. मला वाटलं, कागद वाचवतात बाई.

तो कागद अजून माझ्या मशीनच्या खणात आहे, बॉबिनच्या डबीखाली.

घरी तिसऱ्या दिवशी मी मशीनवर बसले. सासूबाईंना काय कळलं आणि काय नाही, देव जाणे. त्यांनी न विचारता आठ दिवस डिंकाची पेज केली.

एवढ्यावर गोष्ट संपली असती. पण २८ सप्टेंबर २०२३ ला बचत गटाच्या बायांसाठी जळगावला आरोग्याचं शिबिर होतं. येण्या-जाण्याचं भाडं मिळणार होतं म्हणून आम्ही सहा जणी गेलो. तो दिवस जगभर सुरक्षित गर्भपाताचा दिवस म्हणून पाळतात, हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं. नाहीतर दोघी-तिघी आल्याच नसत्या. पुण्याहून एक वकीलबाई आल्या होत्या. त्यांनी विचारलं, 'गर्भपात आपल्या देशात कायदेशीर आहे का?' हॉलमध्ये शंभरेक बाया. तीन हात वर झाले.

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. कायदा १९७१ चा, १ एप्रिल १९७२ पासून लागू. म्हणजे माझ्या जन्माआधीचा. तो ज्या समितीच्या शिफारशीवरून आला तिचे अध्यक्ष होते शांतिलाल शाह, आपल्याच महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री. २०२१ मध्ये त्यात बदल झाला. आता वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीसमध्ये दोन डॉक्टरांचं, तेही ठरावीक बायांसाठी : बलात्कार झालेल्या, अज्ञान मुली, अपंग, पोटुशी असताना नवरा वारलेल्या किंवा घटस्फोट झालेल्या, गर्भात मोठा दोष निघालेल्या. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ह्यात लग्न न झालेल्या बाईलाही धरायचं. मी तारीख वहीत लिहिली आणि बोटांवर मोजलं. माझी पाळी चुकली त्याच्या महिनाभर आधीची.

आणि मग : 'अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची, सासूची, बापाची, कोणाचीही सही लागत नाही.' एक नवरा, माझ्या संमतीशिवाय बायकोनं गर्भपात केला म्हणून भरपाई मागत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०१७ मध्ये त्याला तिथून रिकाम्या हातानं परत पाठवलं. आपल्या मुंबई उच्च न्यायालयानंही २०१६ मध्ये भायखळ्याच्या तुरुंगातल्या बायकांच्या प्रकरणात हेच धरून निकाल दिला होता, की गर्भ बाईच्या शरीरात वाढतो, तर निर्णयही तिचाच.

माझ्या शेजारी बसलेली बाई मला कोपरानं ढोसत होती, की विचार, विचार. मी काही विचारलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे नवापूरचं स्टेशन होतं.

वकीलबाईंनी एक गोष्ट मात्र लपवली नाही, म्हणून त्यांचं मला पटलं. म्हणाल्या, कायदा बाईला 'हक्क आहे' असं म्हणत नाही. तो म्हणतो, डॉक्टरचं प्रामाणिक मत असेल तर गुन्हा नाही. मूळ दंड संहितेत गर्भपात गुन्हाच आहे, बाईनं स्वतःचा केला तरी. १९७१ च्या कायद्यानं त्या गुन्ह्याला एक खिडकी पाडली. खिडकीशी कोण बसलंय, त्याच्यावर सगळं.

येताना बसमध्ये आम्ही सहा जणी. पाळधी गेलं तरी कोणी बोलेना. मग एक म्हणाली, 'मनाकडे बी मांगी व्हती.' म्हणजे तिच्याकडेही सही मागितली होती. मग दुसरी. उतरेपर्यंत चार झाल्या. एकीनं दिराची सही चालवून घेतली होती. एकीचा नवरा दारू पिऊन सहीच देईना, तिला ते मूल झालं. आता पहिलीत आहे, गोड पोर आहे, माझ्याकडेच त्याचे गणवेश शिवायला येतात. ही बाई पोराला डोक्यावर घेऊन नाचते. तरी त्या दिवशी बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती.

पुढचं सगळं माझ्या दुकानात झालं, कारण ब्लाउजच्या मापाला बायांना येता येतं. सल्ला द्यायला माई होत्या. शहाद्याकडच्या, वय पासष्टीच्या आसपास, आता लेकीकडे राहतात. सत्तरच्या दशकात शहाद्याला श्रमिक संघटनेच्या आदिवासी बायांनी दारूची मडकी फोडली, तेव्हा त्या शाळकरी पोर होत्या आणि मागे मागे धावल्या होत्या. त्यांचं म्हणणं, आधी कागद. 'मडकं फोडायाच्या आधी मडकं कोनाचं ते इचारा.'

म्हणून माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत, एकाच विषयावर. माझ्या पोरीनं पहिला मसुदा लिहिला तो चारशे शब्दांचा. त्यात सुरत होती, सिस्टर होती, सगळा राग होता. रात्री जागून आम्ही शब्द मोजत मोजत तो कापला, जसं थोड्या कापडात ब्लाउज बसवतात तसा. शेवटी उरलं ते एवढंच : विवाहित स्त्रीच्या गर्भपातासाठी पतीची संमती किंवा नसबंदी आवश्यक असल्याचा शासन निर्णय, परिपत्रक किंवा आदेश आपल्या कार्यालयात असल्यास त्याची प्रत द्यावी.

तीस दिवस गेले, उत्तर नाही. वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील. त्याच्या सुनावणीला मी आणि पोर गेलो. साहेब चांगले बोलले, चहा दिला, आणि म्हणाले, 'ताई, हे विषय असे कागदावर आणू नयेत. सिस्टर लोक काळजीपोटी विचारतात. उद्या नवरा येऊन मारामारी करतो.' ह्यात खोटं काही नव्हतं. असे नवरे येतात. पण मग त्याचा बंदोबस्त बाईकडून का?

फेब्रुवारीत पाकीट आलं. एक पान, त्यात दोन रकाने. पतीच्या संमतीबाबत : निरंक. नसबंदीच्या अटीबाबत : निरंक.

निरंक हा सरकारी शब्द मला तोवर नुसता ऐकून माहीत होता. काहीच नाही. शून्यसुद्धा नाही. पोर हसत सुटली, मी पण हसले, आणि मग मशीनवर डोकं ठेवून रडले. जे कुठे लिहिलेलंच नव्हतं त्याच्यासाठी मी रात्रभर जनरलमध्ये बसून गेले होते.

आता बाहेर बसायचं ठरलं. तिथेच घोळ सुरू झाला, कारण शब्द. 'गर्भपात' हा शब्द चौकात माइकवर म्हणायचा? आमच्यातल्या बाया आपसांतसुद्धा 'खाली करणं', 'क्युरेटिन', 'मोकळी होणं' असं बोलतात. आणि आम्ही ज्या जिल्ह्यात बसणार होतो तो जळगाव. २०११ च्या जनगणनेत इथे शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या. राज्याचा आकडा ८९४. महाराष्ट्रात ज्या जिल्ह्यांची नावं ह्याच्यासाठी घेतली जातात त्यांत आमचं वरचं.

गावातल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका दरवर्षी 'लेक वाचवा'ची फेरी काढतात. त्या दुकानात आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, 'तुम्ही त्या कसायांचं काम सोपं करून देताय.' मी काही त्यांच्याशी भांडायला बसले नाही. त्यांनी मला चौथीत शिकवलंय. पण वहीतलं वाचून दाखवलं. मुलगा की मुलगी हे विचारणं आणि सांगणं हा गुन्हा, त्याचा कायदा वेगळा, १९९४ चा. त्याच्याही आधी, १९८८ मध्ये, तसा कायदा देशात पहिल्यांदा महाराष्ट्रानं केला, आणि तो मुंबईच्या बायकांच्या मोहिमेमुळे. त्या मोहिमेतल्या बायांना तेव्हाही हीच काळजी होती की लिंगनिदान बंद करताना गर्भपाताचा कायदा दुखावू नये. भिंतीवरच्या चित्रानं नेमकं तेच केलं. ज्यानं मशीन लावलं तो सुटला आणि रांगेत उभी राहिलेली मी गुन्हेगार झाले. बाई ऐकत होत्या. धरण्याला यायला नाही म्हणाल्या. पण आमचं पत्रक घरी घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी सात चुका लाल पेनानं दुरुस्त करून परत पाठवलं. 'गर्भपात हा गुन्हा नाही' ह्या ओळीच्या आधी 'गर्भलिंगनिदान हा गुन्हा आहे' ही ओळ त्यांनी स्वतःच्या अक्षरात घातली होती. ती तशीच छापली.

खरा विरोध घरातून झाला. माझी मोठी जाऊ. तिला दोन मुली. २००४ साली तिसऱ्या वेळी तिला बाहेरगावी नेऊन तपासलं होतं आणि पाचव्या महिन्यात खाली केलं होतं. घरात हे सगळ्यांना माहीत आणि वीस वर्षं कोणी उच्चारलेलं नाही, मीही नाही. ती दुकानात आली, दार लावलं आणि म्हणाली, 'तू मोकळी व्हयनी. मनं तं नाव बी कोनी लेत नही.' मला वाटलं, आता ही सासूबाईंना सांगणार, सगळं बंद पडणार. मी गप्प राहिले. ती मापाच्या टेपशी खेळत बसली. गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची. बऱ्याच वेळानं बोलली :

'तुले पाहिजे व्हतं, तं तुले कागद मांगा. माले नको व्हतं, तं माले कोनी कागद बी नही मांगा. सही मनीच व्हती. कसावर करी ते दखूच दिनं नही.'

धरण्याच्या दिवशी ती सगळ्यात आधी येऊन सतरंजीवर बसली. घरी काय सांगून आली ते मी अजून विचारलेलं नाही.

तारीख आम्ही ८ मार्च धरली होती, महिला दिन. मग कोणीतरी कॅलेंडर काढलं. २०२४ मध्ये त्याच दिवशी महाशिवरात्र, रुग्णालयाला सुट्टी, आणि निम्म्या बायांना उपास. म्हणून सोमवार, ११ मार्च. पोलीस ठाण्यात अर्ज दिला. आदल्या संध्याकाळी १४९ ची नोटीस घेऊन जमादार घरी. कायदा-सुव्यवस्था बिघडल्यास आपणास जबाबदार धरण्यात येईल. सासूबाईंनी त्याला पाणी दिलं आणि विचारलं, 'काय चोरं इन्ही?' तो बिचारा म्हणाला, 'काही नाही आजी, बसणार आहेत नुसत्या.'

पोरीनं आणखी एक खूळ काढलं होतं. तिनं मोबाइलवर अर्जेंटिनाच्या बाया दाखवल्या. लाखोंनी रस्त्यावर, गळ्यात हिरवे रुमाल. वर्षानुवर्षं लढून २०२० च्या ३० डिसेंबरला त्यांनी कायदा करून घेतला. आपणही हिरवे बांधू. माई म्हणाल्या, 'हिरवा तं ओटीचा रंग. हिरव्या बांगड्या, हिरवी साडी.' थोडा वेळ शांतता. मग त्याच म्हणाल्या, 'तं मंग आपलाच शे ना.' माझ्याकडे अस्तराचं हिरवं कापड पडून होतं. सत्तावीस तुकडे कापून पिको केले. बाया आल्याही तेवढ्याच.

सकाळी दहा ते दुपारी साडेतीन आम्ही रुग्णालयाच्या फाटकाबाहेर लिंबाखाली बसलो. मंडप घालू दिला नाही. समोरच्या चहाच्या टपरीवरच्या पुरुषांना वाटलं, बचत गटाच्या कर्जाचं काहीतरी आहे. घोषणा द्यायची वेळ आली तेव्हा माइक सगळ्या एकमेकींकडे ढकलायला लागल्या. शेवटी जावेनं घेतला. ती आयुष्यात पहिल्यांदा माइकवर बोलत होती, तोंडाला फार जवळ धरला होता, त्यामुळे आधी नुसता फूऽ असा आवाज आला. मग :

'पोट मनं, सही मनी!'

म्हणजे पोट माझं, सही माझी. ते आधी ठरलेलं नव्हतं. ठरलेल्या चार घोषणा मराठीत टाइप केलेल्या होत्या. त्या कोणी वाचल्याच नाहीत. टपरीवरचे हसले, मग हसायचे थांबले. पोरीनं 'निरंक' असं मोठ्या अक्षरात लिहिलेला फलक धरला होता : 'सहीचा नियम : निरंक. नसबंदीची अट : निरंक.' येणारा-जाणारा विचारायचा, निरंक म्हणजे काय? तेवढंच हवं होतं आम्हाला.

बंदोबस्ताला एक महिला शिपाई होती, पंचविशीची. जेवणाच्या वेळी ती बाकीच्यांपासून बाजूला आली आणि पत्रक मागून घेतलं. वाचलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, 'अठरा पूर्ण म्हणजे... लग्न नसलं तरी?' मी म्हटलं, लग्न नसलं तरी. आणि नावही कोणाला सांगायचं नाही, डॉक्टरनं सांगितलं तर त्यालाच एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. 'मैत्रिणीसाठी विचारलं,' ती म्हणाली. पत्रक चार घड्या घालून टोपीत ठेवलं.

साडेतीनला वैद्यकीय अधीक्षक बाहेर आले. लेखी आश्वासन दिलं. चित्राखालची ओळ दुरुस्त करू, संमतीबाबतचा फलक दर्शनी भागात पंधरा दिवसांत लावू, नसबंदीची सक्ती कोणी करणार नाही. आम्ही हिरवे रुमाल सोडून घाम पुसला आणि घरी गेलो. संध्याकाळच्या स्वयंपाकाला कोणालाही उशीर झाला नाही, हे मुद्दाम सांगते, कारण सगळ्यांना तीच धास्ती होती.

पाच दिवसांनी, १६ मार्चला, लोकसभेची आचारसंहिता लागली. पंधरा दिवसांनी फलक विचारायला गेले तर उत्तर, 'आचारसंहिता आहे, भिंतीवर काही लिहिता येत नाही.' मी म्हटलं, गर्भपात कोणत्या पक्षाचं चिन्ह आहे? कारकून हसला. फलक लागला नाही. ४ जूनला निकाल लागले, तेव्हा म्हणाले बदल्यांचा काळ आहे. जुलैत एकदाचा लागला.

चांगला फलक आहे. निळ्यावर पांढरी अक्षरं. वीस आठवडे, चोवीस आठवडे, संमती फक्त स्त्रीची, नाव गुप्त. भिंतीवरची 'गर्भपात कायद्याने गुन्हा आहे' ही ओळ पुसून 'गर्भलिंगनिदान कायद्याने गुन्हा आहे' अशी केली. घाईत रंग पातळ झाला, जुनी अक्षरं अजून खालून दिसतात. आणि फलक लावलाय तो तपासणीच्या खोलीच्या दाराशेजारी. दार आत नाही, बाहेर उघडतं. सकाळी ओपीडी सुरू झाली की दार उघडतात, आणि दुपारी ओपीडी बंद होईपर्यंत फलक दाराच्या मागे असतो. हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. खिळे तिथेच होते.

२०२४ च्या दिवाळीनंतर पलीकडच्या गावची एक बाई दुकानात आली. साडीला फॉल लावायचा होता. साडी हातात तशीच धरून उभी राहिली, मग रडायला लागली. तीन मुलं, आठवा आठवडा, नवरा ऊसतोडीला गेलेला. दुसऱ्या दिवशी मी आणि जाऊ तिच्यासोबत गेलो. सिस्टर नवीन होती, खोलीच्या बाहेरच टेबल टाकून बसलेली. केसपेपर बघितला आणि विचारलं, 'मिस्टर आलेत?'

जाऊ काही बोलली नाही. उठली आणि खोलीचं दार ओढून लावलं. मागे फलक. सिस्टर खुर्चीवरून उठून जवळ गेली, ओळीवर बोट फिरवत वाचलं, परत येऊन बसली. छापील फॉर्म काढला आणि त्या बाईला एकाच ठिकाणी सही करायला सांगितली. तिला सही येत होती, अगदी वळणदार. पंधरा मिनिटांत गोळ्या हातात पडल्या, पुन्हा कधी यायचं तेही लिहून मिळालं.

निघताना सिस्टरनं हाक मारली.

'सही नको, पण मिस्टरांचा मोबाइल नंबर तरी देऊन ठेवा.'

बाईनं माझ्याकडे पाहिलं. जावेनं टेबलावरचं पेन उचललं आणि रजिस्टरात आपला नंबर लिहिला.